अल्दाब्रा: लांब आहे म्हणून सुरक्षित नाही

हिंदी महासागरात अल्दाब्रा नावाचं एक कंकणद्वीप आहे, म्हणजे प्रवाळांनी बांधलेलं कड्याच्या आकाराचं बेट. तिथे गाव नाही, बाजार नाही, हॉटेल नाही, विमानाची धावपट्टी नाही. संशोधन केंद्रावरची मोजकी माणसं सोडली तर वस्तीच नाही. तरीही तिथल्या किनाऱ्यांवरच्या कचऱ्याचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ५१३ टन प्लास्टिक पडून असल्याचा अंदाज निघाला. त्यात रबरी चपलाच साधारण ३,६०,००० होत्या.

हा कचरा बेटावर कुणी केलेला नाही, समुद्राने आणून टाकला आहे. दुर्गम बेटं लांब असतात म्हणून ती आपोआप सुखरूप राहतात, असं आपण धरून चालतो. अल्दाब्राच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. अंतरामुळे माणूस तिथे मोठ्या संख्येने जाऊन राहिला नाही, पण शेळ्या पोचल्या, उंदीर पोचले, प्लास्टिक पोचलं, आणि तापलेलं पाणीही पोचलं. नकाशावर रेघ मारून मोकळं व्हावं असं हे संरक्षण नव्हे. ते रोजचं, खर्चाचं आणि चिवट काम आहे. ते कसं चालतं हे समजून घ्यावंसं वाटतं, कारण त्याला चांगलं यशही आलेलं आहे.

बेट झालं कसं

अल्दाब्रा सेशेल्स या देशात मोडतं, पण राजधानी व्हिक्टोरिया ज्या माहे बेटावर आहे तिथून ते ११०० किलोमीटरहून जास्त दूर आहे. त्यापेक्षा मादागास्कर जवळ, साधारण सव्वाचारशे किलोमीटरवर.

कंकणद्वीप कसं तयार होतं याचा उलगडा चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडला. समुद्रातून ज्वालामुखी वर येतो, त्याच्या कडेने उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. पुढे लाखो वर्षांत तो डोंगर हळूहळू खचत जातो. प्रवाळांना सूर्यप्रकाश लागतो, म्हणून ते जुन्या सांगाड्यांवर नवे थर चढवत वरवर येत राहतात. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि उरतं ते प्रवाळाचं कडं, मधे उथळ पाण्याचं लगून.

अल्दाब्राचं वेगळेपण असं की ते नुसतं पाण्याच्या पातळीवर नाही. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा वर होता. त्या काळात वाढलेला प्रवाळखडक समुद्र ओसरल्यावर उघडा पडला. त्यामुळे इथली जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत उंच आहे. कडं ३४ किलोमीटर लांब, जमीन सुमारे १५५ चौरस किलोमीटर, आणि चार मुख्य बेटं: ग्रँड तेर, मालाबार, पिकार्ड आणि पॉलिम्नी. हा खडक पावसाने झिजून इतका धारदार झाला आहे की कित्येक ठिकाणी त्यावरून चालणंच अवघड जातं. गोडं पाणीही जेमतेम. माणसाने इथे मोठी वस्ती केली नाही, याचं श्रेय मी अंतराइतकंच या खडकाला देईन.

लगूनचं चक्र दिवसातून दोनदा चालतं. बेटांमधल्या काही खिंडींतून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला त्याच वाटांनी बाहेर जातं. उधाणाला पातळीत तीन मीटरच्या आसपास फरक पडतो. लगूनचा बराचसा भाग उथळ असल्याने ओहोटीत मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो, आणि मुख्य खिंडीतून पाणी पुरात आलेल्या नदीच्या वेगाने बाहेर धावतं. त्या पाण्याने बुडखे कोरून काढल्यामुळे लगूनमध्ये अळंबीच्या आकाराचे खडक उभे आहेत: वर झुडपं, खाली बारीक देठ. भरतीबरोबर काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क कांदळवनाच्या मुळांपर्यंत येतात आणि पाणी ओसरायला लागलं की खोल भागाकडे सरकतात.

जमीन आणि समुद्र वेगळे नाहीत

अल्दाब्राचं नाव झालं ते तिथल्या महाकाय कासवांमुळे. जमिनीवर राहणारी ही कासवं तिथे एक लाखाच्या घरात आहेत. हिंदी महासागरातल्या मॉरिशस, रेयुनियाँ, रॉड्रिग्ज या बेटांवरही पूर्वी महाकाय कासवांच्या आपापल्या जाती होत्या. ही कासवं महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून जगतात, त्यामुळे जहाजांवर ताज्या मांसाचा साठा म्हणून ती उचलून नेली जात. त्या सगळ्या जाती संपल्या. अल्दाब्राची तेवढी राहिली.

इथे न उडणारा एक पक्षीही आहे, अल्दाब्रा रेल. हिंदी महासागरात उडता न येणाऱ्या पक्ष्यांमध्ये आता हा एकटाच उरला आहे. जीवाश्मांवरून असं दिसतं की एक लाख छत्तीस हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास अल्दाब्रा पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथले न उडणारे रेल नष्ट झाले. बेट पुन्हा वर आल्यावर मादागास्करकडून त्याच मूळ जातीचे पक्षी उडत आले आणि त्यांच्या वंशजांनी पुन्हा एकदा उडणं सोडलं. शिकारी प्राणीच नसतील तर उडण्याचा खर्च कशाला, हे उत्क्रांतीने इथे दोनदा सिद्ध केलं.

समुद्राच्या बाजूला हिरवी कासवं, मांटा रे, शार्क, हंगामात येणारे हंपबॅक देवमासे आणि डुगाँग म्हणजे समुद्रगाय. अख्ख्या सेशेल्समध्ये समुद्रगाय दिसते ती फक्त अल्दाब्राला.

ही नुसती यादी राहू नये म्हणून एक दुवा नीट सांगतो, कारण संरक्षणाचं सगळं तर्कशास्त्र त्यावर उभं आहे. अल्दाब्राच्या कांदळवनात फ्रिगेट पक्ष्यांची जगातली एक फार मोठी वसाहत आहे, शिवाय लाल पायांचे बूबी पक्षी. हे पक्षी दूरच्या खोल समुद्रात खातात आणि बेटावर येऊन विष्ठा टाकतात. तिच्यातला नायट्रोजन पावसाबरोबर, भरतीबरोबर किनाऱ्याच्या पाण्यात उतरतो. त्याने काय फरक पडतो, हे हिंदी महासागरातल्याच चागोस द्वीपसमूहावर मोजलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उंदीर असलेली बेटं आणि उंदीर नसलेली बेटं शेजारी ठेवून पाहिली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट होती, आणि त्यांच्या लगतच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन जवळजवळ दीडपट भरलं.

म्हणजे जमिनीवरचा उंदीर अंडी खातो आणि त्याची झळ पाण्याखालच्या माशाला लागते. फक्त पाण्याचा पट्टा राखीव करून, किंवा फक्त बेट राखीव करून, असलं ठिकाण वाचत नाही.

दोनदा वाचलेलं बेट

१८७४ साली डार्विन, जोसेफ हूकर, रिचर्ड ओवेन अशा नामांकित शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्दाब्राच्या कासवांचं रक्षण करण्याची विनंती केली. तेव्हा सेशेल्सचा कारभार मॉरिशसकडून चालत असे. एका दूरच्या बेटावरच्या प्राण्यांसाठी शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन सरकारदरबारी आवाज उठवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी हा एक.

दुसरा प्रसंग जास्त अटीतटीचा. १९६५ साली ब्रिटनने अल्दाब्राला चागोससह नव्या ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशा’त घातलं. तिथे लष्करी विमानतळ बांधायचा बेत होता. रॉयल सोसायटी, अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था, भूगोलतज्ज्ञ डेव्हिड स्टॉडार्ट यांनी विरोध केला, आणि खासदार टॅम डॅलिएल यांनी संसदेत प्रश्नांचा भडिमार केला. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, सरकारला खर्चकपात करावी लागली, आणि योजना बारगळली. शास्त्रज्ञांचा रेटा नसता तर ती त्याआधीच मार्गी लागली असती असं मला वाटतं. पण पैशाची तंगी नसती तर नुसता रेटा पुरला असता का, याची खात्री देता येत नाही.

या विजयाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. लष्करी तळ अखेर चागोसमधल्या दिएगो गार्सिया या कंकणद्वीपावर झाला आणि तिथल्या रहिवाशांना त्यांच्या घरांतून हुसकावून लावण्यात आलं. अल्दाब्रावर पक्षी आणि कासवं होती, दिएगो गार्सियावर माणसं होती, आणि त्या माणसांसाठी तेवढा आवाज उठला नाही.

१९७१मध्ये रॉयल सोसायटीने पिकार्डवर संशोधन केंद्र उघडलं. १९७६मध्ये सेशेल्स स्वतंत्र झालं आणि अल्दाब्रा त्याला परत मिळालं. १९७९मध्ये सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन स्थापन झालं, तेच आज बेटाचा कारभार पाहतं. १९८२मध्ये युनेस्कोने अल्दाब्राला जागतिक वारसा जाहीर केलं.

बेटावर प्रत्यक्ष काय करतात

आधी शेळ्या. एकोणिसाव्या शतकात बेटावर सोडलेल्या शेळ्या रानटी झाल्या आणि झुडपं ओरबाडू लागल्या. याचा फटका कासवांना बसतो, तो फक्त अन्नाच्या वाटणीमुळे नाही. महाकाय कासव स्वतःचं तापमान आवरू शकत नाही. दुपारी ऊन चढायच्या आत त्याला सावली गाठावीच लागते, नाहीतर ते कवचातच भाजून मरतं. सावली देणारी झुडपं गेली की आजूबाजूला कितीही गवत असलं तरी तो परिसर कासवाच्या उपयोगाचा राहत नाही.

शेळ्या संपवण्याची मोहीम अनेक वर्षं चालली. सुरुवातीच्या सोप्या होत्या, शेवटच्या काही हाती लागेनात. तेव्हा काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून त्यांना सोडलं गेलं. शेळी एकटी राहत नाही, ती कळप शोधते, आणि तिच्या मागावर माणसं जातात. २०१२मध्ये अल्दाब्रा शेळीमुक्त झालं. प्राण्यांना मारण्याचं हे काम आहे आणि ते कुणालाही सुखाचं नसतं. तरीही मला ते योग्य वाटतं, कारण शेळी जगात सगळीकडे आहे आणि ही सावलीची झुडपं, ही कासवं तिथेच आहेत.

पक्ष्यांचंही तसंच. शेजारच्या अझम्प्शन बेटावर मॉरिशसहून आणलेले शिपाई बुलबुल वाढले होते. दिसायला देखणा पक्षी, पण नव्या बेटावर तो परक्या झाडांच्या बिया पसरवतो आणि तिथल्या मूळच्या पक्ष्यांशी स्पर्धा करतो. तो अल्दाब्रावर पसरण्याआधीच अझम्प्शनवरून त्याला पूर्ण काढण्यात आलं. मांजरींनी पिकार्डवरून रेल पक्षी नाहीसे केले होते. मांजरी हटवल्यावर १९९९मध्ये मालाबारवरून थोडे रेल आणून पिकार्डवर सोडले, आणि ते झपाट्याने वाढले. ग्रँड तेरवर मात्र मांजरी अजून आहेत.

आणि उंदीर सगळीकडे आहेत. ते काढणं एवढं कठीण का? कारण उष्ण कटिबंधातल्या बेटांवर उंदरांसाठी टाकलेलं विषारी आमिष आधी जमिनीवरचे खेकडे खाऊन टाकतात, जे रेलसारखे पक्षी ते खातील त्यांना आधी पकडून सुरक्षित ठेवावं लागतं, आणि कांदळवनात आमिष पोचवणं हे स्वतंत्र संकट. पण हे अशक्य नाही. प्रशांत महासागरातल्या पामायरा कंकणद्वीपावर २०११मध्ये ते करून दाखवलं, आणि त्यानंतर तिथल्या मूळच्या झाडांची रोपं जमिनीतून भराभर वर आली. अल्दाब्राचा आकार त्याच्या कित्येक पट आहे, एवढाच काय तो मोठा अडसर.

कासवांना लागलेली पन्नास वर्षं

विसाव्या शतकात अल्दाब्राच्या किनाऱ्यांवर हिरव्या कासवांची बेसुमार शिकार झाली. मांसासाठी, आणि युरोपातल्या सूपसाठी लागणाऱ्या पोटाकडच्या कवचालगतच्या कुर्चेसाठी. अंडी घालायला वर आलेली मादी पकडायला सर्वांत सोपी, म्हणजे मारली जात होती ती नेमकी पुढची पिढी देणारी.

१९६८मध्ये अल्दाब्राला त्यांना संरक्षण मिळालं. त्या सुमारास वर्षाला दोन ते तीन हजार घरटी होत असावीत असा अंदाज आहे. पन्नास वर्षांनी हा आकडा १५ हजारांच्या वर गेला. हिरवं कासव वयात यायला पंचवीस-तीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात, त्यामुळे बंदी घातल्यावर पहिली काही दशकं आकडे जवळपास हलतच नाहीत. याच टप्प्यावर बहुतेक सरकारांचा धीर सुटतो. इथे रक्षक किनाऱ्यावरून चालत राहिले, मादीच्या परांच्या खुणा मोजत राहिले, म्हणून आज वाढ झाली असं ठामपणे सांगता येतं.

आता त्याच किनाऱ्यावर दुसरी अडचण आहे. मादी वर सरकते आणि वाटेत जाळ्यांचा, दोरांचा ढीग लागतो. एक तर ती परत फिरते किंवा त्यात अडकते.

२०१९मध्ये फाउंडेशनच्या आणि ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजच्या स्वयंसेवकांनी पाच आठवडे राबून २५ टन कचरा काढला. उरलेल्या ५१३ टनांसाठी सुमारे १८,००० मनुष्यतास आणि ४६.८ लाख डॉलर लागतील असा हिशेब त्यांनी मांडला. वजनाने पाहिलं तर यातला ८३ टक्के कचरा मासेमारीचा: जाळी, दोर, बोये. चपला, बाटल्या डोळ्यांत भरतात, पण मूळ भार तो नाही.

याचं मोठं कारण औद्योगिक ट्यूना मासेमारी. जहाजं समुद्रात तराफे सोडतात. त्यांच्या खाली लांबलांब जाळी किंवा दोर लोंबत असतात आणि वर उपग्रहाला जागा कळवणारा बोया. सावली मिळाली की खाली मासे गोळा होतात, मग जहाज येऊन पर्ससीन जाळ्याने घेरतं. प्रवाहात भरकटलेला तराफा पुन्हा आणणं परवडत नाही म्हणून तो सोडून दिला जातो. तो वाहत येऊन प्रवाळावर अडकतो आणि प्रत्येक लाटेबरोबर प्रवाळाच्या फांद्या मोडत राहतो.

जमिनीवरून येणाऱ्या कचऱ्याचा माग सागरी प्रवाहांच्या गणिताने काढला, तेव्हा मुख्य उगम इंडोनेशिया आणि त्याखालोखाल भारत व श्रीलंका असे निघाले. जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात पुन्हा एकदा करार न होताच थांबल्या. तोवर हे बिल सेशेल्सच्या नावावर चढत राहतं, हा मला सरळ अन्याय वाटतो.

तापलेल्या पाण्याला कुंपण नाही

प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशापासून अन्न बनवून त्याला देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की ही जोडी तुटते. शैवाल बाहेर टाकलं जातं, पांढरा सांगाडा दिसू लागतो, आणि उष्णता टिकली तर प्रवाळ उपाशी मरतो. २०१५-१६च्या लाटेत अल्दाब्राचे कठीण प्रवाळ निम्म्याच्या आसपास गेले. मात्र लगूनमधल्या प्रवाळांचं नुकसान बाहेरच्यांपेक्षा कमी झालं आणि ते लवकर सावरायला लागले. रोजच्या भरती-ओहोटीत तापमानाचे चढउतार सोसण्याची त्यांना सवय असते.

राखीव क्षेत्र केल्याने पाणी थंड होत नाही. पण मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजू न देणारे मासे तिथे असतील, पाणी स्वच्छ असेल, पक्ष्यांकडून पोषण येत असेल, तर पिल्लू प्रवाळांना जागा मिळते. उपाय हातात असलेल्या गोष्टी नेटाने करायच्या, त्या याचसाठी.

पैसा कुठून येतो

सेशेल्सची लोकसंख्या लाखाच्या आसपास, आणि हक्काचा समुद्र मात्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटर. २०१६मध्ये त्यांनी द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मदतीने २ कोटी १६ लाख डॉलरच्या परकीय कर्जाची फेररचना केली. परतफेडीचा एक भाग परदेशी न जाता देशातल्याच एका विश्वस्त निधीत जातो आणि समुद्रसंरक्षणावर खर्च होतो. त्या बदल्यात सरकारने समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचं वचन दिलं, आणि मार्च २०२०मध्ये ते पुरं केलं. अल्दाब्राभोवतीचा विस्तीर्ण समुद्र त्यातच मोडतो. तिथे मासेमारी आणि खाणकामाला मनाई आहे.

बेटावरचा रोजचा खर्च मात्र दुसरीकडून येतो. प्रालँ बेटावरच्या व्हाले द मे या वनात जोडनारळाची झाडं पाहायला पर्यटक तिकीट काढून येतात. ते वनही फाउंडेशनकडेच आहे, आणि त्या तिकिटांच्या पैशावर अल्दाब्राचं केंद्र चालतं. २०२०मध्ये कोविडने पर्यटन थांबलं आणि हा झराच आटला. अशा ठिकाणासाठी कायमस्वरूपी ठेव असायला हवी, एका वनाच्या तिकीटखिडकीवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे.

सगळ्यांत जवळची चिंता अझम्प्शनची. हे बेट अल्दाब्रापासून तीसएक किलोमीटरवर आहे आणि तिथे धावपट्टी आहे. २०१५मध्ये भारत आणि सेशेल्सने तिथे लष्करी सुविधा उभारण्याचा करार केला, तो सुधारून २०१८मध्ये पुन्हा सह्या झाल्या, पण सेशेल्समध्ये विरोध झाला आणि तो मागे पडला. पुढे परदेशी गुंतवणुकीतून तिथे आलिशान रिसॉर्टचं काम सुरू झालं. बांधकामाचं सामान घेऊन बोटी येतात. सामानाबरोबर मुंग्या, पाली, उंदीर, बिया येऊ शकतात, आणि अझम्प्शनवर रुजलेलं पुढे अल्दाब्रावर पोचू शकतं, हाच धोका बुलबुलाच्या वेळीही होता. रिसॉर्टच्या परवानगीत जैवसुरक्षेच्या अटी लिहिता येतात. प्रत्येक बोटीतलं प्रत्येक खोकं उघडून पाहायला माणसं कुणी नेमायची, त्यांचा पगार कुणी द्यायचा आणि एखादी बोट परत पाठवायचा अधिकार त्यांना असेल का, हे बांधकाम पुरं व्हायच्या आत ठरायला हवं.